देह सापडत नाही तेव्हा गाणं काय करतं

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. आपल्याकडे पाण्याचा विषय निघतो तो बहुधा ते नसल्याचा: टँकर कधी येणार, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, जायकवाडीत यंदा किती टक्के साठा. अशा मुलखात बसून समुद्रात गेलेल्या माणसांच्या लोकगीतांवर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. ही गाणी जगभरच्या किनाऱ्यांवर शेकडो वर्षं रचली गेली. ती कशी घडतात आणि काय काम करतात हे कळायला जे लागतं, ते सगळं आपल्या घरात आधीपासून आहे. जात्यावरची ओवी आहे, मयतीला आलेल्या बायांचा हेल आहे, श्रावणातली कहाणी आहे, शाहिराचा पोवाडा आहे.

आधी अडचण काय आहे ते पाहू. गावात माणूस गेला तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. तिरडी, अग्नी, राख सावडणं, दहाव्याचा पिंड, कावळ्याची वाट, तेराव्याचं जेवण. दुसऱ्या धर्मांत दफन असेल, कबर असेल, पण तिथंही पायऱ्या ठरलेल्याच. या प्रत्येक पायरीला काहीतरी हातात असावं लागतं: देह, राख, अस्थी, निदान गेल्याची तिथी. भर समुद्रात बोट बुडाली की यातलं काहीच हाती उरत नाही. किनाऱ्यावरच्या बाईला नवरा गेला की यायचाय हेसुद्धा कळत नाही. कुंकू ठेवायचं की पुसायचं, सुतक धरायचं की नाही, श्राद्ध कधी घालायचं, कोणालाच सांगता येत नाही.

शास्त्रकारांनाही हे ठाऊक होतं. परदेशी मेलेल्या, देह न मिळालेल्या माणसासाठी ऐतरेय ब्राह्मणाच्या काळापासून एक तोडगा सांगितलेला आहे. पळसाचे 360 देठ घेऊन त्यांची माणसासारखी आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. धर्मशास्त्रात याला पालाशविधी म्हणतात. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला घालायची सोय आहे, ती आपल्याकडे घरोघरी पाळली जाते. कायद्यानेही एक रेघ ओढली आहे. ज्याची खबर असायला हवी होती अशा माणसांना सात वर्षं एखाद्याची काहीच खबर मिळाली नाही, तर तो मेला असं गृहीत धरता येतं. मागे राहिलेल्यांना सात वर्षं काढायची असतात ती मात्र रोज सकाळी उठून.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला उएसां नावाचं छोटं बेट आहे. तिथली पुरुष मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर. समुद्रात गेलेल्याचा देह आला नाही तर तिथं मेणाचा लहानसा क्रूस करत. तो घरात टेबलावर ठेवून रात्रभर जागरण व्हायचं, शेजारीपाजारी यायचे, प्रार्थना म्हटल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं तो क्रूस चर्चमध्ये न्यायचे आणि पुढे दफनभूमीतल्या एका छोट्या वास्तूत बाकीच्या क्रूसांबरोबर ठेवायचे. आपले पळसाचे देठ आणि त्यांचं मेण यांची कधी गाठ पडलेली नाही, तरी दोन्ही लोकांना एकच गोष्ट उमगलेली होती. निरोप द्यायला समोर काहीतरी लागतं.

ते मिळालं नाही तर काय होतं हे मराठी माणसाला पानिपतानं शिकवलं. 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण त्यांच्या देहाच्या ओळखीबद्दल शंका राहून गेली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. पंधराएक वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे सरदार आणि लोकही निघाले, कारण मनातलं दार कुणीच पुरतं लावलेलं नव्हतं. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात अशा दुःखाला वेगळं नाव दिलं, मराठीत त्याला अनिश्चित वियोग म्हणता येईल. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, त्यामुळे शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं.

माझ्या समजुतीप्रमाणे समुद्रात गेलेल्यांची लोकगीतं या जागेवर उभी आहेत. देह, तिथी, ठिकाण, नाव हे जे जे हरवलं, ते गाणं आपल्यापाशी ठेवून घेतं.

वीजळीचं गाणं

आपल्या सगळ्यांत जवळचं उदाहरण गुजरातचं आहे. वैतरणा नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला जायची. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळात ही नवलाची गोष्ट, म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे. 8 नोव्हेंबर 1888 ला ती मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी माणसं चढली, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून ती कायमची नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. ना देह मिळाले ना जहाजाचा सांगाडा. पुढे सरकारी चौकशी झाली, तीत जीव वाचवायच्या होड्या आणि साधनं पुरेशी नव्हती असं समोर आलं.

चौकशीचा अहवाल आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. गाणं मात्र सौराष्ट्रात अजून म्हटलं जातं. झवेरचंद मेघाणींनी ते लोकांच्या तोंडून उतरवून घेतलं आणि आपल्या लोकगीतांच्या संग्रहात छापलं. त्याचं धृपद कासम नावाच्या माणसाला उद्देशून आहे: तुझी वीजळी भर दर्यात वैरीण झाली. परंपरा या हाजी कासमला जहाजाचा कप्तान मानते. गाण्यात दहा वाजता तिकिटं काढल्याचं आहे, मुंबई शहराला निघाल्याचं आहे, एकदम तेरा वराती चढल्याचं आहे, केशरी पोशाखातले नवरदेव आहेत.

थोडं थांबून हे गाणं काय काय करतं ते बघा. वेळ सांगतं. कुठे निघाले होते ते सांगतं. कोण होते ते सांगतं. आपण मयतीच्या घरी गेल्यावर काय विचारतो? कधी झालं, कुठं झालं, कोण होतं जवळ. गाण्यानं त्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवली आहेत. मांडवी किंवा पोरबंदरच्या एखाद्या बाईला आपला मुलगा कुठे गेला हे सांगायला दाखला मिळाला नाही, पण गाणं ऐकताना तिला ‘या बोटीत माझा होता’ एवढं तरी म्हणता येत असणार.

तेरा वराती होत्या का? हा प्रश्न लोकगीताला विचारू नये. लोकांत या बोटीवर तेराशे माणसं होती असंही सांगत आले आहेत, आणि नोंदी सातशेच्या पुढे थांबतात. लोकगीतात आकडा दुःखाचा भार सांगायला येतो. आपल्या पोवाड्यात फौज लाखांत मोजतात तसंच ते आहे. पण म्हणून गाणं खोटं ठरत नाही. वऱ्हाडं होती हे खरं, परत कोणी आलं नाही हे खरं. इतिहासकारानं आकडा नोंदीतून घ्यावा आणि त्या आकड्याचं ओझं केवढं होतं हे गाण्यातून घ्यावं.

दोष कोणाच्या माथी येतो हेही पाहण्यासारखं आहे. चौकशीत साधनांची कमतरता निघाली. गाण्यात कंपनी नाही, साधनं नाहीत, कासम आहे आणि वैरीण झालेली बोट आहे. शोकात असलेल्या माणसाला हाक मारायला एक नाव लागतं. कंपनीला कोणी हाक मारत नाही. हे अन्यायाचं होऊ शकतं, आणि कासमच्या बाबतीत ते झालंही असेल, कारण परंपरेप्रमाणे तोही त्याच पाण्यात गेला. लोकगीताची ही बाजू झाकू नये असं मला वाटतं. गाणं आठवण जपतं तसं बालंटही जपतं.

मुंबईजवळची रामदास बोट मराठी माणसाला जास्त ठाऊक आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणात आजही ती तारखेपेक्षा तिथीनं सांगितली जाते: गटारीच्या दिवशी गेली. सर्वपित्रीच्या उलट गोष्ट इथं घडली. देह सगळ्यांचे मिळाले नाहीत, पण तिथी मात्र सगळ्या गावाच्या तोंडी बसली.

सांगणारं गाणं आणि हाक मारणारं गाणं

समुद्रातल्या मृत्यूंची गाणी वाचत गेलं की दोन जाती स्पष्ट दिसतात. एक सांगणारी आणि एक हाक मारणारी.

सांगणारं गाणं म्हणजे आपला पोवाडा. अमुक साली, अमुक महिन्यात, अमुक बंदरातून, अशी सुरुवात. ऐका हो ऐका म्हणून लोकांना गोळा करायचं आणि घडलं ते क्रमानं सांगायचं. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 1889 मध्ये मोठं वादळ झालं, ग्रिम्सबी आणि हल या बंदरांचे कितीतरी मच्छीमार बुडाले. विल्यम डेल्फ नावाच्या ग्रिम्सबीच्या मच्छीमारानं त्यावर कविता रचली, कागदावर छापून विकली, आणि आलेला पैसा विधवा आणि पोरक्या मुलांच्या मदतीला. कवितेत बुडालेल्या बोटींची नावं ओळीनं होती. पुढे लोकांनी ती गायला घेतली, गाता गाता ओळी गळाल्या, चाल लागली, धृपद आलं, आणि ज्याला कोणी कवी नाही असं लोकगीत तयार झालं. गाणं आधी बातमी होतं, मग वर्गणीची पावती होतं, आणि शेवटी आठवण झालं. आपल्याकडे यात्रेत चार-आठ आण्याला गाण्यांची चोपडी मिळायची, त्या चोपड्यांनीही हेच काम केलं आहे.

सांगणाऱ्या गाण्यातलं माझं सगळ्यात आवडतं समुद्राचं नाहीच, तळ्याचं आहे. आयर्लंडमध्ये गॉलवेजवळ कॉरिब नावाचं प्रचंड मोठं सरोवर आहे. 4 सप्टेंबर 1828 ला अ‍ॅनाडाउन गावची माणसं बाजाराला गॉलवेकडे निघाली होती. बोट जुनी, माणसांबरोबर मेंढ्या. एका मेंढीचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला. पाणी आत यायला लागलं म्हणून कोणीतरी कोट कोंबून त्यावर पाय दाबला, तर फळीच निघाली. 19 माणसं बुडाली. आपल्याला समुद्र कळत नसेल, पण बाजाराच्या दिवशी मेंढरं-बकऱ्या घेऊन निघालेली माणसं तर कळतात.

अँथनी राफ्टरी हा आंधळा कवी त्या भागात दारोदार फिरून गाणी म्हणायचा. त्यानं या मृत्यूंवर आयरिश भाषेत गाणं रचलं. पहिल्याच ओळीत तो म्हणतो, माझी तब्येत धड राहिली तर अ‍ॅनाडाउनच्या या बुडालेल्यांची गोष्ट खूप काळ बोलली जाईल. पुढे तो हिशेब देतो: अकरा पुरुष, आठ बायका. मग त्यांच्यातल्या काहींची नावं, आणि त्यांचे गुण. आणि शेवटाकडे ज्या जागेवर ती माणसं गेली त्या जागेला तो शाप देतो, डोंगर जळो, काळीज पोळो. देवाला दोष द्यायची हिंमत नाही, नावाड्याला द्यायचा नाही, म्हणून जागेला दिला. दोनशे वर्षं होत आली, गाणं आयर्लंडमध्ये अजून गातात.

हाक मारणारं गाणं वेगळं. त्याला गोष्ट सांगायची नसते. ते मेलेल्याशी थेट बोलतं. मराठवाड्यात हे समजावून सांगायची गरजच नाही. मयतीच्या घरी बाहेरगावची बाई येते, उंबऱ्यातच गळा काढते, घरातली बाई तिच्या गळ्यात पडते आणि दोघी हेल काढून रडतात. ते नुसतं रडणं नसतं. त्यात बोल असतात. काल तर माझ्याशी बोललास, पोरीचं लगीन कुणावर टाकून गेलास, माझ्या हातची भाकरी आता कुणाला घालू. ओळ वर चढते, टोकाला ओढली जाते, खाली येते, आणि पुढच्या ओळीला दुसरी बाई सुरुवात करते. शहरात वाढलेल्या लोकांना हा आरडाओरडा वाटतो. नीट कान दिला तर त्यात ठरलेली चाल आहे, ठरलेले टप्पे आहेत, आणि त्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यात सांगून होतं. आयर्लंडमध्ये बायकांची अशीच शोकगायनाची रीत होती. चर्चच्या धर्मगुरूंनी तिला सतत विरोध केला, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत ती जवळजवळ संपली. आपल्याकडेही ‘शिकलेल्या घरात असं रडत नाहीत’ हे वाक्य हल्ली ऐकू येतं. ते ऐकून मला वाईट वाटतं.

हातातलं काम आणि गळ्यातलं गाणं

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत. तिथल्या गेलिक भाषेतलं एक हाक मारणारं गाणं 1788 सालचं आहे. स्टॉर्नोवेचा अ‍ॅलन मॉरिसन हा तरुण कप्तान अ‍ॅनी कॅम्बेलशी सोयरीक पक्की करायला बोटीनं निघाला होता, वादळात बुडाला. गाणं अ‍ॅनीचं आहे. तपकिरी केसांच्या अ‍ॅलन, मी तुझ्यासोबत चालले असते, हे त्याचं धृपद. परंपरा सांगते की पुढे तीही झुरून गेली, दफनासाठी तिची शवपेटी बोटीतून नेताना वादळ झालं आणि पेटी समुद्रात गेली, आणि तिचा देह अ‍ॅलनचा जिथं लागला होता त्याच बेटाजवळ लागला. एवढं जुळून येणं आख्यायिकेतच घडतं. पण आख्यायिकेला काय हवं होतं ते पाहा: दोन्ही देह एका ठिकाणी मिळावेत.

हे गाणं सव्वादोनशे वर्षं टिकलं कसं? इथं मला आपलं जातं आठवलं, आणि या सगळ्या विषयातली खरी किल्ली तिथं आहे असं वाटतं.

हेब्रिडीजमध्ये हातमागावर विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते भिजवून लांब फळीवर ठेवायच्या, दोन्ही बाजूंना बसायच्या आणि तालात आपटत आपटत पुढे सरकवायच्या. तास-दोन तासांचं काम. एक बाई ओळ म्हणायची, बाकीच्या अर्थ नसलेल्या शब्दांचं धृपद उचलायच्या. त्या कामाच्या गाण्यांत प्रेम होतं, थट्टा होती, आणि समुद्रात गेलेल्यांचे शोकही होते. अ‍ॅनीचं गाणंही या गाण्यांतून चालत आलं.

आपल्याकडे पहाटे जात्याचा खुंटा धरून समोरासमोर बसलेल्या दोघी हेच करत होत्या. एकीनं ओवीचा पहिला चरण म्हणायचा, दुसरीनं साथ द्यायची. देवाची ओवी आधी, मग माहेर, भाऊ, लेक, आणि मरणसुद्धा. अहेवपणी मरण यावं, नवऱ्याच्या खांद्यावरून जावं, या ओव्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडे अजून आहेत. ओवी म्हणताना बाई रडायला मोकळी बसलेली नसायची. पीठ पडत असायचं. सासू ऐकत असली तरी तिला काही म्हणता येत नसायचं, कारण काम थांबलेलं नव्हतं. मुक्या दुःखाला बोलायची परवानगी हातातल्या कामानं मिळवून दिली. आणि काम रोजचं असल्यामुळे गाणंही रोजचं झालं. जे रोज म्हटलं जातं ते विसरलं जात नाही. श्राद्ध वर्षातून एकदा येतं, जातं रोज फिरायचं.

या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच खरी. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्यांची साखळी तुटली. हेब्रिडीजमध्ये कारखान्यात कापड घट्ट व्हायला लागल्यावर फळीभोवतीचं गाणं विसाव्या शतकाच्या मध्याला थांबलं. कंबर मोडणारं ते काम परत यावं असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गाण्याला राहायला जागा उरली नाही हेही खरं आहे.

आपल्या पाण्याची गाणी

आता वळूया आपल्याकडे. कोरड्या मुलखातही माणसं पाण्यात जातात. विहिरीत, बारवेत, नदीच्या डोहात, धरणाच्या फुगवट्यात. मराठवाड्यात विहिरीच्या किंवा नदीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. पोहता येणारं पोर डोहात बुडालं तर जुनी माणसं म्हणतात, आसरांनी नेलं. किनाऱ्यावरचा माणूस ‘दर्यानं घेतलं’ म्हणतो तेच हे आहे. कारण सापडत नाही तिथं घेणारा कोणीतरी उभा केला जातो, म्हणजे त्याला निदान नैवेद्य दाखवता येतो, पुढच्या लेकरासाठी विनवता येतं.

विहिरीबद्दल एक गोष्ट जपून, पण सांगायला हवी. आपल्या गावांतल्या विहिरींनी सासुरवासाला कंटाळलेल्या कितीतरी बाया पोटात घेतल्या आहेत. त्यांच्यावर पोवाडे झाले नाहीत. मागच्या पिढ्यांतली त्यांची नावं घरच्यांनीच घेणं सोडलं. त्यांचं काही उरलं असेल तर ते दुसऱ्या बायकांच्या ओवीत, सासुरवासाच्या गाण्यात, नाव न घेता.

समुद्रकाठची गाणी आणि आपली गाणी यांत एक मोठा फरक मात्र आहे. तिथं पाणी अफाट आहे आणि ते माणूस हिरावून नेतं. आपल्याकडे पाणी येत नाही, आणि ते यावं म्हणून माणूस द्यावा लागतो. लातूर-धाराशिवला लागून असलेल्या कन्नड मुलखात तळ्याला बळी दिलेल्या भागीरथीचं गाणं प्रसिद्ध आहे. गौडानं तळं खणलं, पाणी लागेना. जोशानं सांगितलं सुनेचा बळी द्या. धाकटी सून भागीरथी माहेरी जाऊन सगळ्यांना भेटून आली, तळ्याची पूजा केली, पायरीपायरीनं पाणी चढत गेलं आणि ती त्यात गेली. नवरा फौजेत होता. परत आल्यावर त्याला कळलं, त्यानंही त्याच तळ्यात उडी घेतली.

आपल्याकडे हीच गोष्ट श्रावणातल्या शीतळा सप्तमीच्या कहाणीत आहे, आणि ती आपल्या आज्यांनी दरवर्षी वाचली आहे. राजानं तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचं मूल मागितलं. राजानं ते दिलं, सून माहेरी होती. तळं भरलं. पुढे श्रावणातल्या सप्तमीला सून भावाबरोबर परत येताना त्या भरलेल्या तळ्याशी थांबली, तिला व्रताची आठवण झाली, तिनं काठावर पूजा मांडली. तळ्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. आणि तिनं प्रार्थना काय केली? आमच्या वंशात कोणी पाण्यात बुडालं असेल तर ते आम्हाला परत मिळावं. तिचं मूल तिला परत मिळालं.

मी ही कहाणी लहानपणापासून ऐकली आहे, पण समुद्रातल्या गाण्यांचं वाचायला लागल्यावर या एका वाक्यापाशी थबकले. दर सप्तमीला समुद्रापासून शेकडो मैलांवर, बीडच्या किंवा परभणीच्या एखाद्या घरात बसून बाया पाण्यात बुडालेल्या माणसांसाठी प्रार्थना करत आल्या आहेत. कोण बुडालं, कुठल्या पिढीत, माहीत नाही. तरी त्याची जागा धरून ठेवलेली आहे. वीजळीच्या गाण्यात तेरा वराती मोजल्या गेल्या, इथं मोजणीच सोडून दिली आणि दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं.

पैठणला तर पाण्यातल्या निर्वाणाचा उत्सवच होतो. एकनाथ महाराजांनी 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली, आणि नाथषष्ठीला आजही शेकडो दिंड्या पैठणात येतात. समाधी आणि बुडणं एका तराजूत घालता येणार नाही. पण तिथी, ठिकाण आणि भजन या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाण्यातलं जाणंही चार शतकं लोकांच्या तोंडी राहतं.

गाणं लगेच येतं असंही नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर हेब्रिडीजमधल्या लुईस बेटाचे खलाशी घरी परतत होते. 1 जानेवारी 1919 च्या पहाटे त्यांची आयोलेअर नावाची बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी, घरचे दिवे दिसत असताना, खडकावर आपटली. किमान 201 माणसं गेली. युद्धातून वाचलेली माणसं दारात येऊन बुडाली, हे दुःख इतकं मोठं होतं की बेटावरच्या घरांत पुढची कित्येक दशकं कोणी त्याबद्दल बोलतही नसे. मर्डो मॅकफार्लेन या त्याच बेटाच्या कवीचं त्यावरचं गेलिक गीत आता तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. वाचताना मला किल्लारी आठवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून झोपलेली गावं गेली. भूकंपात वाचलेले कित्येक जण त्या पहाटेबद्दल अजूनही मोजकंच बोलतात. त्यांच्यावर गाण्याची घाई करू नये.

आता देह ओळखायला विज्ञान आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून काही अंतरावर समुद्रात पी-305 हा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी बोट, बुडाला. त्यावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार होते. काही देहांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. त्या घरांना अहवाल मिळाला, अग्नी देता आला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. वीजळीच्या लोकांना ती मिळाली नव्हती. अहवाल मृत्यू सिद्ध करतो. तो माणूस कसा हसायचा, भाकरीबरोबर काय मागायचा, हे हेलात येतं.

ओव्या तरी वाचल्या त्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांमुळे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखभराच्या वर जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्याही आहेत. आता पारी या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. हेल मात्र असा फारसा कोणी उतरवला नाही, कारण मयतीच्या घरात फोन पुढे करणं कोणालाही शोभत नाही. पण वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, दुपारी निवांत बसलेल्या आत्याला किंवा मोठ्या आईला ‘तेव्हा तू काय म्हणत रडलीस गं?’ असं विचारलं, तर त्या सांगतात, पुष्कळदा चालीसकट म्हणून दाखवतात. लिहून घेताना त्यांचा शब्द सुधारू नये. गेलेल्याचं नाव, गाव, नातं आणि तिथी त्यांनी सांगितली तशीच ठेवावी. त्या म्हणाल्या शंभर माणूस बुडालं आणि कागदावर बारा असली, तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. आणि गाणं म्हणताना त्यांच्या हातात कुठलं काम होतं, दळण, खुरपणी की गोधडी, तेही टिपून ठेवावं.